ओवाळणीत दिलेला डोंगर

घाटातल्या त्या रस्त्याबद्दल कुणी विचारलं की मी पावसाबद्दल बोलायला लागतो. पाऊस त्या वर्षी खरोखरच फार झाला होता, त्यामुळे खोटं बोलतोय असं मला स्वतःलाही वाटत नाही. धारवाडला आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी फिरायला येणारी निवृत्त मंडळी आहेत. दर पावसाळ्यात कुठे ना कुठे दरड कोसळते, टीव्हीवर दाखवतात आणि दुसऱ्या दिवशी बाकावर वाद सुरू होतो. एक जण म्हणतो, डोंगर पोखरले की असंच होणार. दुसरा म्हणतो, मग डोंगरातल्या माणसांनी अजून आजारी माणूस खांद्यावरच वाहून न्यायचा का? शेवटी कुणीतरी माझ्याकडे वळतं. "तुम्ही सांगा, तुमचा सगळा जन्म रस्ते करण्यात गेला." मी म्हणतो, "पावसाचं मानच बिघडलंय हो," आणि काठी उचलून घरची वाट धरतो.

असं करत बरीच वर्षं काढली. ज्यांच्यासाठी गप्प बसलो असं मी स्वतःला सांगत होतो, ती माणसं आता राहिली नाहीत. म्हणून लिहितो.

मी सरकारी रस्ते खात्यात इंजिनियर होतो. निवृत्ती जवळ आली असताना घाटातल्या एका वाडीचा रस्ता माझ्याकडे आला. डांबरी हमरस्त्यापासून आत, सुपारीच्या बागांमधली आठ-दहा घरं. माझी थोरली बहीण त्याच वाडीत दिलेली. घाटात मराठी बोलणारी जी थोडी बागाईतदार घरं आहेत, त्यांतलं तिचं एक. मी तिला अक्का म्हणायचो आणि ती मला तम्मा, म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. घरात आम्ही मराठी बोलत असलो तरी ही दोन नावं आमच्याकडे कन्नडच राहिली.

ओढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला टेकून दुसरं घर होतं. ते एका कन्नड बागाईतदाराचं. माझ्याहून थोडे मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणायचो. इथून पुढे अण्णा म्हणजे तेच. वाडीला रस्ता मिळाला तो अण्णांमुळे. त्यांच्या आईला एका पहाटे छातीत कळ आली. खुर्चीला बांबू बांधून तिला खाली नेताना, जिथे जीप उभी असायची त्या वळणाच्या अलीकडेच ती गेली. त्यानंतर अण्णांनी एकही कचेरी सोडली नाही. तालुक्याला गेले, कारवारला गेले, माझ्या धारवाडच्या घरी तर इतक्यांदा आले की माझी बायको म्हणायची, "तुमचे रस्तेवाले आलेत, चहा टाकते."

दिवाळीच्या आधी मी पहिली मोजणी केली. रस्ता खालून, ओढ्याच्या कडेनं न्यायचा असं ठरलं. तिथे जमीन जवळजवळ सपाट होती, डोंगराला हात लावावा लागत नव्हता. ओढ्यावर एक लहानसा पूल लागणार होता. आणि अक्काच्या बागेतल्या खालच्या दोन ओळी जाणार होत्या. मी खुंट्या मारल्या, चुना टाकला आणि चार दिवसांनी भाऊबीजेला पुन्हा तिच्याच घरी आलो.

अक्कानं ओवाळलं. मी खिशातून पाकीट काढलं तर तिनं तबक मागे घेतलं.

"या वर्षी पाकीट नको."

"मग साडी घ्यायला हुबळीला येतेस का?"

"साड्या आहेत. त्या खुंट्या उचल."

झोपाळ्यावर सुपारी कातरत बसलेले भावजी हसले. "बघा, बहिणीला ओवाळणीत अख्खं सरकारी खातं पाहिजे."

"तुम्ही बोलू नका. तुमच्या आईनं लावलेली झाडं असती तर हसला असतात का?" मग ती माझ्याकडे वळली. "तम्मा, मी या घरात आले तेव्हापासून काय शिजायचं तेसुद्धा सासूबाईंनी ठरवलं. त्या दोन ओळी मी मागून घेतल्या. घागरीनं पाणी घातलं त्यांना. इथे माझं म्हणावं असं तेवढंच आहे."

"अक्का, रस्ता कुठून तरी जायलाच हवा."

"जाऊ दे की. मी कुठे नको म्हणते? वरून जाऊ दे."

ती तबक घेऊन तशीच उभी राहिली. आमच्याकडे भाऊबीजेला बहिणीनं काही मागितलं तर भाऊ नाही म्हणत नाही. आणि अक्कानं त्याआधी कधीच काही मागितलं नव्हतं. आई गेल्यावर माझं शिक्षण तिनं केलं, म्हणजे स्वतःचं सोडून केलं. मी म्हणालो, "बघतो." आमच्या घरात बघतो म्हणजे हो.

वरून म्हणजे अण्णांच्या घरामागच्या टेकडीवरून. बागेला पाल्याचं खत लागतं, त्यासाठी अशी झाडीची टेकडी प्रत्येक घराकडे असते. तिकडे तिला बेट्ट म्हणतात. मी आठवडाभरानं वरची मोजणी केली आणि एका ठिकाणी खड्डा घेतला. वर लाल माती होती आणि तिच्याखाली पांढरट, साबणासारखी चिकणमाती. तिला तिकडे शेडी म्हणतात. कोरडी असते तेव्हा भिंतीसारखी उभी राहते. पाणी प्याली की डोशाच्या पिठासारखी वाहते. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी ती बोटांत चुरून पाहिली, रुमालाला हात पुसला आणि खड्डा बुजवायला सांगितला.

आमची सगळी मोजणी पाऊस संपला की सुरू व्हायची आणि मे महिन्यात संपायची. पावसात घाटात कोण जाणार? त्यामुळे आमच्या पिढीच्या कितीतरी इंजिनियरांनी डोंगर फक्त कोरडाच पाहिला. हिवाळ्यात डोंगर फार शांत दिसतो. जिथे जुलैत झरे फुटतात तिथे नुसता पाचोळा असतो. पण हे कारण मला लागू नाही. भाऊबीज, रक्षाबंधन, भाचीचं बारसं असं करत मी त्या वाडीत सगळ्या ऋतूंत गेलो होतो. अण्णांच्या मागच्या टेकडीतून श्रावणात पाणी कसं पाझरतं ते मी त्यांच्याच पडवीत बसून, कॉफी पीत पाहिलं होतं.

खात्यात मी सांगितलं की खालची वाट ओढ्यात बुडेल. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. अण्णांना सांगायला गेलो तेव्हा मला वाटलं होतं ते तरी हरकत घेतील. ते उलट हसायला लागले.

"माझ्या बेट्टातून? म्हणजे दारातच आला की! तुम्ही बहिणीचं दार सोडून माझ्या दारात रस्ता आणता, रस्तेवाले, तुमची बहीण तुम्हाला जेवायला घालील का पुन्हा?"

आतून त्यांची बायको म्हणाली, "त्यांनी नाही घातलं तर आपण घालू. आज इथेच जेवा." त्या वहिनींनी त्या दिवशी सुपारीच्या हाळ्यावर, म्हणजे झावळीच्या रुंद देठाच्या पत्रावळीवर, गरम भात आणि अप्पेहुळी वाढली, मिठात मुरवलेल्या कैरीचं ते आंबटगोड पाणी. त्या एवढंच म्हणाल्या, की टेकडी कापली तर मागचा झरा कुठे जाईल? मी म्हणालो, "गटार काढून देऊ." अण्णा म्हणाले, "हिला झऱ्याचीच काळजी. इतकी वर्षं आपण चाललो, अजून चालू, असं म्हणत होती. तिचं ऐकलं असतं तर रस्ता आला असता का?"

उतार जसा कापायला हवा होता तसा कापला नाही, हेही लिहून ठेवतो. शेडी मातीत कापायचं तर खूप मागे जाऊन, सपाट उतार ठेवावा लागतो. तसं दाखवलं असतं तर अर्धी टेकडी गेली असती. मग वरच्या साहेबांनी विचारलं असतं, एवढं कापायचं तर खालची वाट का सोडली? म्हणून मी उतार उभा ठेवला. पायथ्याला भिंत दिली, भिंतीत पाणी जायला भोकं ठेवली, वर गटार काढलं. कागदावर ते बरं दिसत होतं.

रस्ता झाला. तो चांगला झाला असं म्हणायला आजही माझी जीभ अडखळत नाही, कारण त्या रस्त्यानं दुधाची गाडी आली, अण्णांची मुलगी रोज घरून कॉलेजला जाऊ लागली आणि भावजींना झटका आला तेव्हा ते वेळेत हुबळीला पोचले, आणखी काही वर्षं जगले. बाकावरच्या वादात दोन्ही बाजू बरोबर असतात. रस्ता हवाच होता. कुठून न्यायचा एवढाच माझा प्रश्न होता, आणि उत्तर मला माहीत होतं.

दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्या वर्षी, मी निवृत्त झाल्यानंतर, ऑगस्टमध्ये एका सकाळी अक्काचा फोन आला. ती नीट बोलतच नव्हती. नुसतं "तम्मा, ये," एवढंच.

मोठ्या रस्त्यापासून चालत गेलो. टेकडीचा मधला भाग निघून आला होता. भिंत, रस्ता, सगळं घेऊन अण्णांच्या गोठ्यावर आणि घराच्या मागच्या अंगावर. आतली पांढरी माती उघडी पडली होती. मी ती लांबूनच ओळखली. वहिनी धारा काढून झाल्यावर वासरं सोडायला गोठ्यात परत गेल्या होत्या. कॉलेजला निघालेल्या मुलीबरोबर अण्णा कॅन घेऊन दुधाच्या गाडीसाठी पुढच्या वळणावर गेले होते, म्हणून दोघं वाचली.

मी पोचलो तेव्हा ते रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. कॅन शेजारी. माझ्याकडे पाहून म्हणाले, "एवढ्या पावसात तुम्ही धारवाडहून आलात?" आणि कठड्यावर सरकून मला जागा करून दिली. मी बसलो. त्यांच्याशी उघड खोटं पहिल्यांदा बोललो ते तिथे. "असा पाऊस मी जन्मात पाहिला नाही," असं म्हणालो. सरकारी माणसं आली, त्यांनीही अतिवृष्टी असंच लिहून नेलं.

अक्काच्या स्वयंपाकघरात सगळ्या वाडीचा भात शिजत होता. ती चुलीपाशी होती. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "कुणाला काही सांगू नकोस."

"अक्का..."

"ती माझी मैत्रीण होती. मी आले तेव्हा या वाडीत मला कन्नड तिनं शिकवलं. मला अजून इथेच राहायचंय, तम्मा. त्यांच्यासमोर रोज तोंड दाखवायचंय. सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

त्यानंतर मी भाऊबीजेला गेलो नाही. तीही बोलावत नसे. दिवाळीनंतर कुणाबरोबर तरी सुपारी पाठवायची. ती मी खात नसल्यानं डब्यात पडून राहायची.

त्याच काळात माझी बायको गेली. मुलगा बंगळूरला, सून नोकरीला, त्यांचा फोन रविवारी. घर मोठं आहे. एका खोलीत दिवा लावला की बाकीच्या खोल्या जास्तच काळ्या दिसतात, म्हणून मी लवकर झोपायला लागलो. शेजारी चांगले आहेत, पण त्यांच्याशी बोलताना मी नेहमी थोडा पुढचा विचार करत असतो, बोलणं घाटाकडे वळू नये म्हणून. अशानं माणसं हळूहळू यायची बंद होतात. त्यांचा दोष नाही.

अण्णा मला पुन्हा भेटले ते हुबळीत, कोप्पीकर रोडवर, चष्म्याच्या दुकानात. मला वाटलं मी न पाहिल्यासारखं करून निघून जाऊ शकेन. पण ते मोठ्यानं ओरडले, "अहो रस्तेवाले!" दुकानातली सगळी माणसं वळली. बाग भाच्याला कसायला देऊन ते मुलीकडे राहायला आले होते. मुलगी लॅमिंग्टन रोडवरच्या शाळेत शिकवत होती, घर जुन्या हुबळीत, दोन खोल्यांचं, बोळात. त्यांनी माझा हात सोडलाच नाही. म्हणाले, "इथे मला कुणी ओळखत नाही. सगळे आजोबा म्हणतात. चला, घरी."

मी गेलो. पुढच्या गुरुवारी परत गेलो. मग दर गुरुवारी जायला लागलो.

हे कुणाला विचित्र वाटेल. मला वाटत नाही. माझ्या आठवड्यात तेवढा एकच दिवस असा होता, की कुणीतरी माझी वाट पाहत असे. मी धारवाडहून बस पकडायचो, बोळाच्या तोंडाशी मिरची-भजी घ्यायचो. ते उंबऱ्यात खुर्ची टाकून बसलेले असायचे. "काय, आज बस मिळाली की तुमच्या रस्त्यावर खड्डा होता?" हा दर गुरुवारचा विनोद. मग पत्त्यांचा डाव, त्यात ते सर्रास पत्ते चोरायचे. पकडले की म्हणायचे, "सरकारी माणसाला फसवलं तर पाप लागत नाही." मी हसायचो. घरी मी हसतच नसे, हे मला तिथे हसताना कळायचं.

पण पाऊस लागला की ते खेळत नसत. दार लोटून आत बसायचे आणि तेच बोलायचे. "ती नको म्हणत होती. इतकी वर्षं चाललो, अजून चालू म्हणाली. मी ऐकलं नाही. मीच मागून आणला. माझ्याच बेट्टातून आणला. सही केली, जेवायला घातलं. माणूस बायकोला मारायला इतका आनंदानं निघतो का हो?"

मी म्हणायचो, "अण्णा, पाऊस होता तो."

"पाऊस सगळीकडेच होता. माझ्याच घरावर का आला?"

याचं उत्तर त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर बसून भजी खात होतं. एका वाक्यात त्यांच्या छातीवरचं ओझं उतरवता आलं असतं. मी स्वतःला सांगायचो, अक्काला वचन दिलंय, तिला तिथे राहायचंय. ते खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. सांगितलं असतं तर गुरुवार गेला असता. मी एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या न केलेल्या गुन्ह्याखाली दबू दिलं, कारण मला आठवड्यातून एक दुपार कुणाच्या तरी घरी बसायचं होतं.

अक्का गेली. अण्णा मुलीला घेऊन धारवाडला भेटायला आले. माझ्या मोकळ्या घरात इकडेतिकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवसापासून महिनाभर तुमच्या बहिणीनं मला दोन्ही वेळचं ताट पाठवलं. ताट परत द्यायला गेलो की माझ्याकडे बघायची नाही. फार हळवी बाई." मी मान हलवली.

आता वचन उरलं नव्हतं. पुढच्या गुरुवारी बसमध्ये मी सगळं कन्नडमध्ये जुळवलं. हिशोब, हुकूम, भांडण हे सगळं मी कन्नडमध्ये आयुष्यभर केलं, पण क्षमा कधी मागितली नव्हती. शब्द सापडायला वेळ लागला. भजी घेतली नाहीत. बोळात शिरलो तर खुर्ची रिकामी. आत त्यांची मुलगी शाळेतून लवकर आलेली होती.

"अप्पा दाढी करतायत," ती हळूच म्हणाली. "बाकीचे दिवस मी मागे लागले तरी करत नाहीत. गुरुवारी सकाळपासून विचारतात, किती वाजले? काका, तुम्ही येता म्हणून ते अजून आहेत, असं वाटतं मला."

अण्णा बाहेर आले. हनुवटीला कापलं होतं, तिथे कापूस. "भजी कुठाय?" म्हणाले.

"आज विसरलो."

"विसरलात? मग पत्ते मी वाटणार."

आम्ही खेळलो. नंतरही बरेच गुरुवार मी तेच वाक्य बसमध्ये जुळवत गेलो आणि न बोलता परत आलो. थंडीच्या दिवसांत एका मंगळवारी मुलीचा फोन आला. झोपेतच गेले होते.

तेराव्याला मी जेवायला बसलो असताना ती माझ्या पानापाशी येऊन बसली. म्हणाली, "शेवटच्या आठवड्यात एकच बोलत होते. वर गेल्यावर तुझ्या आईला तोंड कसं दाखवू? मी म्हटलं, अप्पा, असं का म्हणता? तर म्हणाले, तुला नाही कळायचं, रस्ता मी आणला." तिनं मला आणखी भात हवा का विचारलं. मी नको म्हणालो.

मी हे मराठीत लिहितोय. तिला मराठी वाचता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे इथेही मी सोपीच वाट धरली. कदाचित कुणी तिला वाचून दाखवील. कदाचित मीच जाईन. त्या बोळात शिरायला अजून धीर होत नाही. बसमध्ये जे जुळवलं होतं, तेवढं तरी इथे ठेवतो.

अण्णा, रस्ता तुम्ही मागितलात, पण डोंगर कुठे कापायचा ते तुम्ही ठरवलं नव्हतं. ते मी ठरवलं. खालून चांगली वाट होती. माझ्या बहिणीची झाडं वाचावीत म्हणून मी ती सोडली आणि तुमच्या घरावर आलो. माती कशी आहे ते मी हातात घेऊन पाहिलं होतं. तुम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं, वहिनींनाही नव्हतं, तरी त्यांनी झऱ्याचं विचारलं आणि मी त्यांना खोटं सांगितलं. त्यांना तोंड दाखवायला लाजायचं ते मी, तुम्ही नाही. मला क्षमा करा.